अल्बम कोणता ते कळलं, पण आवृत्ती कोणती?

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा जॅझ अल्बम १९५९ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला आणि पुढची ३३ वर्षं जगाने त्याची पहिली बाजू चुकीच्या वेगाने ऐकली.

झालं असं, की २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना दोन टेप मशिनं फिरत होती, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य मशिनची मोटर किंचित हळू चालत होती, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. हळू फिरणाऱ्या टेपवर भरलेलं संगीत नंतर नेहमीच्या वेगाने वाजवलं की ते थोडं जलद पळतं आणि सूर चढतो. त्या दिवशीच्या तिन्ही रचना रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर गेल्या. दुसरी बाजू २२ एप्रिलला भरली, ती ठीक होती. रेकॉर्ड लावून सोबत वाजवू पाहणाऱ्यांची मात्र पंचाईत व्हायची. पहिलीच रचना 'सो व्हॉट', पण ती ना धड या सुरात बसायची, ना पुढच्या. १९९२ साली नवी आवृत्ती काढताना राखीव टेप वापरली गेली, आणि पहिली बाजू पहिल्यांदा मूळ सुरात लोकांपर्यंत पोचली.

आता मला सांगा, कुणी विचारलं 'जॅझ ऐकायला सुरुवात कुठून करू?' आणि आपण म्हटलं 'काइंड ऑफ ब्लू ऐक', तर आपण नेमकं काय सांगितलं? अर्धंच सांगितलं. १९७० च्या दशकातली रेकॉर्ड त्याच्या हाती लागली तर एक गोष्ट ऐकू येणार, १९९७ नंतरची नेहमीची सीडी लागली तर दुसरी.

हा धडा मी दुसऱ्याच्या कानांच्या जिवावर शिकलो. एका मित्राला मी सत्तरच्या दशकातला एक रॉक अल्बम तोंड भरून सुचवला. त्याने तो घेतला, चार दिवसांनी फोन केला आणि म्हणाला, "गाणी चांगली असतील बाबा, पण अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं." मला राग आला. याला रॉक कळत नाही, असं मनात ठरवूनही टाकलं. मग त्याच्याकडे जाऊन त्याची सीडी ऐकली. माझी जुनी होती, त्याची 'रीमास्टर्ड' होती, आणि त्याचं डोकं दुखणं अगदी रास्त होतं. ढोल, गिटार, कुजबुज, किंकाळी, सगळं सारख्याच मोठ्या आवाजात अंगावर येत होतं.

तर हे आवृत्त्यांचं प्रकरण मुळापासून बघू.

जुन्या पोथ्या हाताने उतरवल्या जायच्या तेव्हा प्रत्येक नक्कलकार थोडं गाळायचा, थोडं आपलं घालायचा. अल्बमचंही तसंच आहे. स्टुडिओत आधी अनेक पट्ट्यांच्या (म्हणजे ट्रॅकच्या) टेपवर वाद्यं वेगवेगळी भरली जातात. त्या पट्ट्या एकत्र करून, कोण किती मोठं आणि कोण डावीकडे कोण उजवीकडे, हे ठरवून दोन पट्ट्यांची (मोनो असेल तर एका पट्टीची) टेप तयार होते. हे झालं मिक्सिंग, आणि ती टेप म्हणजे मास्टर. पुढे रेकॉर्ड कापणारा इंजिनिअर ही मास्टर वाजवत वाजवत लाखेचा थर दिलेल्या तबकडीवर खाच कोरतो. त्या तबकडीवरून धातूचे साचे निघतात आणि साच्यातून रेकॉर्डी दाबल्या जातात. परदेशात अल्बम काढायचा तर मूळ मास्टर सहसा कुणी पाठवत नसे, तिची नक्कल जायची. तिथे त्या नकलेचीही नक्कल व्हायची. दर नकलेमागे सरसर थोडी वाढते आणि झांजेची चमक थोडी उतरते.

यातला रेकॉर्ड कापण्याचा टप्पा लोकांना फारसा माहीत नसतो, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. खर्जाचा आवाज खाचेत रुंद वळणं घेतो आणि जागा खातो. म्हणून कापताना खर्ज कमी करतात, वरचे सूर वाढवतात, आणि वाजवताना ॲम्प्लिफायर याच्या बरोबर उलट करतो. १९५४ पासून हे वाढवणं-घटवणं किती करायचं याचं एक ठरलेलं प्रमाण आहे. पण प्रमाण ठरलं तरी मोह ठरत नाही. खाच जितकी ऐसपैस, तितका आवाज दणदणीत. पण मग बाजूवर मिनिटं कमी बसतात आणि साध्या प्लेअरची सुई उडते. 'लेड झेपलिन टू' हा रॉक अल्बम याचं प्रसिद्ध उदाहरण. १९६९ मध्ये इंजिनिअर बॉब लुडविगने तो इतका जोरकस कापला की स्वस्त प्लेअरवर सुई खाच सोडून पळू लागली. कंपनीने तो बिचकत बिचकत पुन्हा, सौम्य करून कापून घेतला. आज संग्राहक ती सुई उडवणारी आवृत्तीच शोधत हिंडतात. शेवटच्या गाण्यानंतर लेबलाभोवती जी गुळगुळीत रिकामी पट्टी असते, तिथे लुडविगची 'आर एल' ही आद्याक्षरं कोरलेली असतात. रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरायची, श्वास रोखायचा, आणि ओरखडा आहे की अक्षर आहे हे बघायचं. घरचे तोवर एकमेकांकडे बघत असतात.

अजून एक हिशेब बघा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरणारी रेकॉर्ड एक फेरी १.८ सेकंदांत पुरी करते. बाहेरच्या कडेला त्या १.८ सेकंदांच्या संगीताला सुमारे ९० सेंटीमीटर लांबीची खाच मिळते, लेबलाजवळ तेवढ्याच संगीताला ४० सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे बाजूचं शेवटचं गाणं कायम दाटीवाटीत बसलेलं असतं, आणि ते करकरीत वाजलं तर दोष दर वेळी तुमच्या सुईचा नसतो. एकच अल्बम दोन रेकॉर्डींवर ४५ च्या वेगाने काढतात तो याचसाठी. आवाज खरंच मोकळा होतो. फक्त दर दहा-बारा मिनिटांनी उठावं लागतं, आणि संथ जॅझची समाधी लागता लागता उठणं मला तरी जमत नाही. '१८० ग्रॅम' या स्टिकरचं मात्र फार मनावर घेऊ नका. जाड रेकॉर्ड हातात भारदस्त लागते, कदाचित कमी वाकते, पण खाचेत काय कोरलंय ते वजनाने सुधारत नाही.

आता 'रीमास्टर' आणि 'रीमिक्स' हे दोन शब्द. यांची सर्रास गल्लत होते. समूहाचा एक जुना फोटो आहे असं समजा. त्याच निगेटिव्हवरून नवी प्रत काढताना उजेड-अंधार कमीजास्त केला, तर ते रीमास्टरिंग. फोटोतल्या माणसांनाच हलवून 'तू पुढे ये, तू जरा मागे हो' असं केलं, तर ते रीमिक्स. रीमिक्ससाठी मास्टरच्याही मागे, त्या वेगवेगळ्या पट्ट्यांच्या टेपपर्यंत जावं लागतं. म्हणून रीमिक्स चांगला झाला तर पडदा उघडल्यासारखं वाटतं आणि फसला तर ओळखीचं माणूस अनोळखी होतं. किंग क्रिम्सन या रॉक बँडचा १९६९ चा पहिला अल्बम स्टीव्हन विल्सनने २००९ मध्ये रीमिक्स केला, तो मी डोळे मिटून सुचवतो. दुसऱ्या टोकाला रॉक गायक इगी पॉपचा 'रॉ पॉवर'. १९७३ चं त्याचं मिक्स मुख्यतः डेव्हिड बोवीने केलेलं, पातळ, विचित्र, सगळ्यांनी नावं ठेवलेलं. १९९७ मध्ये इगीने स्वतः बसून त्याचं नवं मिक्स केलं आणि ते जगातल्या सगळ्यात कर्कश सीडींमध्ये गणलं गेलं. गंमत म्हणजे त्यानंतर लोकांना बोवीचं मिक्स प्रिय झालं. मीही त्यातलाच.

कर्कश का होतं? सीडीवर आवाजाला एक छत आहे, त्याच्या वर जाता येत नाही. मग अल्बम 'मोठा' करायचा तर हळू आवाज वर ओढायचे आणि मोठे आवाज छतापाशी दाबायचे. पहिली दहा सेकंदं कान खूश होतो, कारण मोठा आवाज आपल्याला हमखास जास्त चांगला वाटतो. मग कान शिणतो. संगीतात हळूनंतर मोठं येतं म्हणून ते मोठं वाटतं. सगळंच मोठं केलं की काहीच मोठं उरत नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढे पंधराएक वर्षं कंपन्यांमध्ये ही चढाओढ लागली होती, आणि दुर्दैवाने जुन्या अल्बमच्या सीडींची नवी आवृत्ती काढायची लाटही त्याच काळातली. माझ्या मित्राचं डोकं दुखलं ते या लाटेत. म्हणून रॉकमध्ये ऐंशीच्या दशकातली पहिलीवहिली, साधी दिसणारी, एका घडीच्या कागदाची सीडी कित्येकदा नंतरच्या अनेक सीडींच्या 'डीलक्स' पेटीपेक्षा सुसह्य निघते. दोन आवृत्त्या ताडून बघायच्या असतील तर आधी दोन्हींचा आवाज बटणाने सारखा करून घ्या. ही एक गोष्ट केली नाहीत तर मोठी वाजणारी जिंकणारच.

मोनो की स्टीरिओ, हा वाद जुना आणि पुष्कळदा पोकळ. साठच्या दशकात कलाकारांचं लक्ष कुठे होतं एवढंच बघायचं. बीटल्स आपल्या 'सार्जंट पेपर' अल्बमच्या मोनो मिक्सला हजर राहिले. स्टीरिओ मिक्स नंतर थोडक्या दिवसांत त्यांच्याविना उरकलं. फरक ऐकायचा तर 'शीज लीव्हिंग होम' ऐका, मोनोत ते जलद आणि वरच्या सुरात आहे, स्टीरिओत रेंगाळतं. दोन्ही अधिकृत! बीटल्सच्या मोनो मिक्सची पेटी २००९ मध्ये सीडीवर आली, २०१४ मध्ये रेकॉर्डवर. बीच बॉइज या बँडचा 'पेट साउंड्स' अल्बम करणारा ब्रायन विल्सन उजव्या कानाने बहिरा होता, त्याने १९६६ मध्ये तो मोनोच केला. त्याचं पूर्ण स्टीरिओ मिक्स थेट १९९७ च्या पेटीत आलं. तेही सुंदर आहे, पण माझ्या मते दुसऱ्यांदा ऐकण्यासाठी.

जॅझची गोष्ट वेगळी. तिथे पुष्कळदा पट्ट्यांचं मिक्सिंगच नव्हतं. रुडी व्हॅन गेल्डर नावाचा माणूस, दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा, आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायचा. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. वाजवणारे समोर वाजवताहेत, हा तिथल्या तिथे समतोल साधून थेट दोन पट्ट्यांवर भरतोय. नंतर दुरुस्तीला जागाच नाही. रेकॉर्डही स्वतःच कापायचा. म्हणून जुन्या ब्लू नोटच्या रिकाम्या पट्टीत 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' दिसलं की संग्राहकाच्या छातीत धडधडतं. सोबत कानाच्या आकाराची एक खूण असते, ती प्लास्टीलाइट कारखान्याची. १९६६ मध्ये ब्लू नोट विकली गेली आणि ती खूण पुढच्या रेकॉर्डींवरून गेली.

मग मूळ प्रतच घ्यावी का? ऐपत असेल आणि ओरखड्यांशी मैत्री असेल तर जरूर. पण 'मूळ प्रत' म्हणजे 'मूळ टेप' नव्हे, हे ध्यानात ठेवा. त्या काळच्या साध्या प्लेअरांवर सुई उडू नये म्हणून व्हॅन गेल्डर कापताना खर्ज आवळायचा. टेपवर तो खर्ज आहे, रेकॉर्डवर नाही. २०१९ पासून ब्लू नोटची 'टोन पोएट' मालिका निघते आहे. जो हार्ली ती निवडतो आणि केव्हिन ग्रे मूळ टेपवरून कापतो. त्यातली डबल बास ऐकली की कळतं, आजवर खोलीतला एक माणूस दाराबाहेरच उभा होता. त्याच ग्रेने कापलेली, साध्या कव्हरची 'क्लासिक व्हिनाइल' मालिका आहे, आणि नवख्याला मी तीच आधी सुचवतो. प्रेस्टिज, रिव्हरसाइड, कॉन्टेम्पररी या जॅझ कंपन्यांच्या अल्बमसाठी 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स' ही मालिका १९८२ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये ती पुन्हा नव्याने आली. १९८० च्या दशकातल्या तिच्या जुन्या रेकॉर्डी अजून सापडतात, दिसायला गरीब आणि वाजायला खानदानी. व्हॅन गेल्डरने म्हातारपणी, १९९९ पासून, स्वतःची जुनी कामं सीडीसाठी पुन्हा मास्टर केली. बाप माणूस, पण मला त्या सीडींवरचा पियानो कोंदट वाटतो. कर्त्याचा शब्द शेवटचा असतोच असं नाही.

एक सापळा मात्र जॅझवाल्यांनी ओळखलाच पाहिजे. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणावरचा हक्क पूर्वी ५० वर्षं टिकायचा. २०१३ मध्ये तो ७० वर्षांवर गेला, पण जे आधीच हक्काबाहेर पडलं होतं ते परत आत आलं नाही. म्हणजे १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेलं जवळजवळ सगळं सोनेरी जॅझ तिथे कुणीही कायदेशीरपणे छापू शकतो. छापतातही. टेप त्यांच्याकडे नसते. कुणाची तरी सीडी घेतात, रेकॉर्डवर कापतात, वर '१८० ग्रॅम', 'ऑडिओफाइल', 'कलेक्टर्स एडिशन' असे शिक्के. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ओळखायची खूण सोपी आहे. कव्हरच्या मागे कुणी कापलं आणि कशावरून कापलं याचा उल्लेख नसतो. ज्याच्याकडे टेप आहे तो ते सांगितल्याशिवाय राहत नाही.

अर्थात सांगितलेलं तरी पूर्ण असतं का? २०२२ च्या जुलैत एक प्रकरण गाजलं. मोबाइल फिडेलिटी साउंड लॅब ही संग्राहकांची लाडकी, जुन्या अल्बमच्या महागड्या नव्या आवृत्त्या काढणारी कंपनी. तिच्या रेकॉर्डी म्हणजे टेपवरून थेट, मध्ये डिजिटल काहीच नाही, अशी सर्वांची समजूत. उघड झालं ते असं, की २०११ पासून तिच्या कितीतरी रेकॉर्डींच्या वाटेत डिजिटल टप्पा होता. टेप आधी उच्च दर्जाच्या डिजिटल फाइलमध्ये उतरवायची, मग कापायचं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आणि ग्राहकांना जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही हा राग योग्यच होता. पण मला हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. 'डिजिटल मला मैलावरून ऐकू येतं' असं म्हणणारे जाणते लोक दहा वर्षं याच रेकॉर्डींना टेपच्या उबेचा नमुना म्हणून मिरवत होते. त्या उत्तम वाजतात, आजही. टेप जपलेली असावी, कापणाऱ्याचा कान शहाणा असावा. मधल्या टप्प्याला इतकं भ्यायचं कारण नाही.

टेपच नसेल तर मात्र इलाज नाही. १९७८ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँचला अटलांटिक रेकॉर्ड्सचं गोदाम जळालं आणि न वापरलेल्या, प्रसिद्ध न झालेल्या मुद्रणांचा मोठा साठा गेला. २००८ मध्ये युनिव्हर्सलच्या हॉलीवूडमधल्या आवारात आग लागली, आणि तिथे कोणाच्या टेप होत्या हे बाहेर यायला २०१९ उजाडलं.

सुचवण्याबद्दल थोडं. मी हल्ली कुणाला अल्बम सुचवण्याआधी विचारतो, ऐकणार कशावर? फोनवर ऐकणाऱ्याला रिकाम्या पट्टीतली आद्याक्षरं सांगून उपयोग नाही; त्याला एवढंच सांगतो की यादीत एकाच अल्बमच्या चार आवृत्त्या दिसतील, त्यातली अमुक सालची लाव. दुसरं विचारतो, पहिल्यांदा ऐकतोयस की घरी आहे आणि बदलायचाय? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जास्तीची गाणी जोडलेली पेटी कधीच देऊ नये. एकाच रचनेचे तीन टेक लागोपाठ ठेवलेल्या जॅझच्या सीडी निघाल्या होत्या. अभ्यासकाला मेजवानी, नवख्याला शिक्षा. अल्बमचा क्रम कुणीतरी विचार करून लावलेला असतो, आधी तो कानात बसू दे.

जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रिकुटाचं उदाहरण घ्या. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब. दुपार आणि संध्याकाळ मिळून पाच बैठका झाल्या आणि अकरा दिवसांनी बास वाजवणारा स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला, २५ वर्षांचा होता. त्या एका दिवसातून दोन अल्बम निघाले, त्यातला 'वॉल्ट्झ फॉर डेबी' मी त्याच मित्राला दिला, ज्याचं डोकं दुखलं होतं. एकच रेकॉर्ड, जास्तीचं काही नाही. पियानोमागे ग्लासांची किणकिण, लोकांच्या गप्पा. आपण चुकून मागच्या टेबलावर बसलोय असं वाटतं. त्याने ती वर्षभर लावली. मग स्वतःहून विचारायला लागला, त्या दिवशीचं बाकीचं कुठे मिळेल? तेव्हा मी २००५ मध्ये निघालेला तीन सीडींचा पूर्ण संच सांगितला, ज्यात पाचही बैठका घडल्या त्या क्रमाने आहेत.

दुसऱ्याच दिवशी फोन. "अरे, तुझी ती पेटी बिघडलेली आली. पहिलंच गाणं मध्ये तुटतंय. बदलून मागू का?"

म्हटलं, बदलू नकोस. सीडी चांगली आहे, १९६१ सालची वीज गेलीय.